कारभाऱ्याची वही

लाल रंग दिसला तेव्हा मी पिशवी हातावर उलटी चढवून वाकले होते, आणि तशीच वाकलेली राहिले. सकाळचे साडेसहा झाले असतील. समोरच्या फुटपाथवरून एक बाई घाईघाईने कामावर चालली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. कुत्र्याच्या शीकडे टक लावून बघणाऱ्या बाईकडे कोण बघणार? कारभारी साखळी ताणून पुढच्या खांबाकडे निघाला होता. मागे काय पडलं याच्याशी त्याला कधीच देणंघेणं नसतं, ते सगळं माझ्या गळ्यात. गेले नऊ आठवडे मी रोज सकाळी हे बघत होते आणि घरी जाऊन वहीत लिहीत होते, त्यामुळे लाल दिसलं तर काय समजायचं हे मला तोंडपाठ होतं. ताजं, वरवर लागलेलं लाल म्हणजे आतड्याच्या शेवटच्या भागातलं रक्त. डांबरासारखं काळं आणि चिकट असेल तर ते वरचं, जठरातलं, आणि ते जास्त वाईट. हे दोन्हींत बसत नव्हतं. मऊ, फिकट, नेहमीसारखी तेलकट चकाकी असलेली शी होती आणि लाल रंग तिच्यात आतपर्यंत मुरला होता, थोडासा जांभळ्याकडे झुकलेला. मी ती उचलली, पिशवीला गाठ मारली. प्लास्टिकमधून तिची ऊब तळहाताला लागत होती आणि माझ्या मनात एकच आलं, हा आता जाणार. हाही जाणार.

कारभारी हे नाव बाबांनी ठेवलं. आई गेल्यावर तीन वर्षांनी हे पिल्लू घरात आलं, आणि आल्या दिवसापासून कोण कुठे बसतं, कोण किती वाजता उठतं, कुठलं दार कधी उघडतं याची चौकशी करत फिरायला लागलं. तेव्हा बाबा म्हणाले, ‘घ्या, कारभारी आले.’ घर चालवायला कुणीतरी हवंच होतं. आम्ही दोघं घरात राहत होतो, पण घर चालवत नव्हतो. बाबा तीस वर्षं एका वजनकाट्यावर होते, मालगाड्यांच्या आणि ट्रकांच्या. आत जाताना वजन, बाहेर पडताना वजन, मधला फरक म्हणजे माल. निवृत्त झाल्यावरही त्यांची ती खोड गेली नाही. भाजीची पिशवी माझ्या हातातून घेतली की आधी एक क्षण ती तशीच लोंबती धरायची आणि म्हणायचं, ‘साडेतीन.’ फार तर शंभर ग्रॅम इकडेतिकडे. मी त्यांची मुलगी शोभते. मी कापड तपासते. खालून उजेड असलेल्या एका लांब टेबलावरून कापड माझ्यासमोरून सरकत जातं, आणि धागा तुटलेला, गाठ पडलेली, तेलाचा डाग, जे काही वाईट असेल तिथे मी काठाला लाल दोरा बांधते. सव्वीस वर्षं हेच. त्या कापडावर नक्षी कसली होती असं संध्याकाळी कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. चांगलं कापड मला दिसतच नाही. ते सरकत जातं, आणि मी पुढच्या दोषाची वाट बघत उभी असते.

वही सुरू झाली ती जनावरांच्या डॉक्टरीणबाईंमुळे. त्या माझ्यापेक्षा लहान आहेत, पण आवाज असा की बाहेर बसलेल्या सगळ्यांना आतल्या मांजराचं दुखणं समजतं. नऊ आठवड्यांपूर्वी कारभाऱ्याची शी एकाएकी मऊ झाली तेव्हा मी त्याला घेऊन गेले होते. त्यांनी त्याचं पोट दाबलं, हिरड्या पाहिल्या आणि मला म्हणाल्या, ‘ताई, याला विचारता येत नाही पोट कसं आहे म्हणून. माणसाला विचारता येतं, पण माणूस थापा मारतो. शी थापा मारत नाही. रोज बघायची.’ मग त्यांनी मला काय बघायचं ते शिकवलं, आणि मी ते कामावरच्या नवीन मुलीला शिकवतात तसं शिकले. चांगली शी चॉकलेटी असते, घट्ट असते, उचलली की खाली डाग राहत नाही. वर शेंबडासारखा थर आला तर मोठं आतडं चिडलंय. तांदळाच्या दाण्यासारखं काही वळवळलं तर जंत. फिकट, भरपूर आणि तेलकट दिसली तर चरबी पचत नाहीये, आणि मग स्वादुपिंड बघावं लागतं. आधी नाक मुरडत बघत होते, मग सवय झाली, आणि पुढे पुढे, कबूल करायला हरकत नाही, मला त्यात रस वाटायला लागला. कामावर मी जे करते तेच हे होतं. वहीत रोज दीड ओळ. मऊ. फिकट. नेहमीपेक्षा जास्त. दोनदा. चकाकी आहे. बाबांनी ती वही एकदा चाळली आणि म्हणाले, ‘पत्रिका मांडतेस का त्याची?’ मी हसले. ते हसले नाहीत, पण त्यांचे बरेचसे विनोद न हसताच केलेले असतात. डॉक्टरीणबाईंनी खाणं अर्धं करायला सांगितलं, मी केलं. उकडलेलं पांढरं मांस आणि मऊ भात, बाकी काही नाही. शी आणखी फिकट झाली, आणखी वाढली. अर्धं खाऊन दुप्पट कशी होते हे कोडं मला सुटत नव्हतं, आणि रात्री अंथरुणावर पडले की मला त्याच्या पोटात काहीतरी वाढत असल्यासारखं वाटायचं. आईच्या पोटात वाढलं होतं तसं.

आईबद्दल मी कुणाशी बोलत नाही. ती अकरा महिने आजारी होती. मी तेव्हा अडतीसची होते आणि तपासणी खात्याची मुख्य होणार होते. मी रजा घेतली, रजा संपली, बिनपगारी घेतली, तीही संपली, आणि परत गेले तेव्हा माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी मुख्य झाली होती. ते जाऊ दे. त्या अकरा महिन्यांत माझ्या लक्षात राहिलं ते तिचं ताट. तिला अन्न जायचं नाही, आणि मी आणि बाबा समोर बसून तिच्या ताटाकडे बघत राहायचो. किती गेलं, किती उरलं. एक घास जास्त गेला की आम्ही एकमेकांकडे बघायचो, परीक्षेत मूल पास झाल्यासारखं. एक दिवस तिने चमचा खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाली, ‘माझ्या ताटात बघू नका रे. घासाबरोबर तुमची नजर पण गिळावी लागते मला.’ त्या दिवसापासून तिच्या जेवणाच्या वेळी आम्ही तोंड फिरवून बसायला लागलो, बाबा खिडकीकडे, मी भिंतीकडे. ती गेली, तरी ते तसंच राहिलं. बाबा मागच्या गॅलरीत, कठड्यापाशी त्यांच्या खुर्चीत, मांडीवर ताट घेऊन जेवायला लागले आणि मी ओट्यापाशी उभी राहून. ताट नेऊन द्यायचं, पाठ फिरवायची, वीस मिनिटांनी रिकामं ताट उचलायचं. आमच्या घरात कुणी कुणाच्या ताटात बघत नाही. मला याचा, खरं सांगायचं तर, अभिमान होता. दुसऱ्यांच्या घरी जेवताना लोक एकमेकांना आग्रह करतात, ताटात डोकावतात, ते मला असभ्य वाटायचं. आमचं प्रेम असं नाही, असं मी स्वतःला सांगायचे.

कामावर फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं आणि पिशवीतलं एका रिकाम्या बरणीत काढून कारभाऱ्याला घेऊन दवाखाना उघडायच्या आधीच जाऊन बसले. बाबा तेव्हा दाढी करत होते; त्यांना सांगितलं नाही. सांगून काय करणार होते, जीव टांगणीला लागला असता. बाकावर बसल्यावर कारभाऱ्याने माझ्या पायावर त्याचं डोकं ठेवलं. ते चांगलंच जड लागलं. मरणाऱ्या प्राण्याचं डोकं इतकं जड असतं का, असला वेडगळ प्रश्न माझ्या मनात आला. मी त्याच्या कानामागे बोट फिरवत राहिले आणि त्याच्याशी मनातल्या मनात बोलत राहिले, की मला लवकर कळायला हवं होतं, मी रोज बघत होते, डोळ्यांत तेल घालून बघत होते, तरी कळलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी बरणी उजेडाला धरली. झाकण उघडलं, वास घेतला. त्यांच्या धंद्यात नाक धरून चालत नाही. थोडी शी पाण्यात कालवली, पाणी गुलाबी झालं, आणि मी खुर्चीची कड धरली. एक थेंब काचेवर घेऊन त्या सूक्ष्मदर्शकात बघत राहिल्या. मग चिमट्याने बरणीतून काहीतरी उचलून त्यांनी पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. गडद लाल रंगाची एक बारीक, किसलेली तार होती.

‘बीट आहे हे,’ त्या म्हणाल्या. ‘रक्ताचा टिपूससुद्धा नाही. बीट कुणी घातलं याला?’

मला आधी ते समजलंच नाही. मग मी हसायला लागले. कारभाऱ्याच्या मानेभोवती हात टाकून, खाली बसून मी हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि त्याने माझं तोंड चाटून घेतलं. डॉक्टरीणबाईही हसल्या. ‘घरात आणखी कोण आहे?’

‘वडील.’

‘झालं तर मग. म्हाताऱ्या माणसांचा हात सैलच असतो. वर लोणी असणार भरपूर. म्हणून ही चकाकी. स्वादुपिंडाला काही झालेलं नाही, नुसती चंगळ चालली आहे याची. चढवा त्याला काट्यावर.’

कारभारी काट्यावर चढला आणि आकडा बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी मागचा कागद काढला. दोन किलो चारशे वाढला होता. ‘अर्ध्या खाण्यावर?’ त्या म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे न बघता, लिहिता लिहिता, अगदी सहज म्हणाल्या, ‘ताई, हे एखाददुसरा घास टाकून होत नाही हां. हा रोज एका माणसाचं जेवण जेवतोय.’

मी अजून हसत होते. हसू चेहऱ्यावर होतं आणि कानात ते ‘एका माणसाचं जेवण’ राहिलं होतं. डॉक्टरीणबाई लोण्याबद्दल काहीतरी सांगत होत्या, आठ दिवसांनी परत आणा म्हणत होत्या. मी हो हो म्हणत बाहेर आले. रस्त्यावर चांगलं ऊन पडलं होतं, दुकानांची दारं वर जात होती, आणि कारभारी खुशीत पुढे चालला होता, कारण त्याला काही झालेलं नव्हतं. चार घरांपुढे एक ओटा होता. मी त्याच्यावर बसले आणि खांद्याच्या पिशवीतून वही काढली.

बीट मी आठवड्यापूर्वी आणायला लागले, कारण बाबांचा चेहरा पांढुरका दिसत होता. किसून, वाफवून, लोण्यात परतून वाटीभर द्यायचे. मला बीट आवडत नाही, मी ते खात नाही, म्हणजे घरात बीट खाणारा माणूस एकच. लाल आजच दिसलं, म्हणजे परवापर्यंत ते त्यांच्या घशाखाली उतरत होतं. त्याच्याआधी अंडी वाढवली होती, कारण ते थकल्यासारखे वाटत होते. त्याच्याआधी साय, लोणी, पावाला दुहेरी लोणी. वहीची पानं मी मागे मागे उलटत गेले आणि प्रत्येक पानावर मला माझा स्वयंपाक दिसायला लागला. साय वाढवली त्याच्या दुसऱ्या दिवशी, चकाकी आहे. अंडी वाढवली, वास फार. ज्या दिवशी बाबांना बरं वाटावं म्हणून मांसाचा मऊ तुकडा शिजवला होता त्याच्या पुढच्या पानावर मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, आज फारच जास्त, कशाने? मी जेवढं त्यांना घालत होते तेवढं मी दुसऱ्या दिवशी सकाळी फुटपाथवरून उचलत होते. नऊ आठवडे. पहिल्या पानावर तारीख होती, सतरा. त्या आठवड्यात काय होतं? पाव. पावाचे कडक काठ. त्यानंतरच्या आठवड्यात मांस. मग भात. मग अंडं. आणि आता वाफवलेलं बीट, जे जिभेने दाबलं तरी विरघळतं. कडक, मग मऊ, मग त्याहून मऊ. म्हणजे कंटाळा नव्हता, लाडही नव्हता. त्यांना गिळता येत नव्हतं.

आणि सदरे. मला तिथे ओट्यावर बसून सदऱ्यांची आठवण झाली आणि शरमेने मी अक्षरशः डोळे मिटून घेतले. महिन्यापूर्वी बाबांचा निळा सदरा त्यांच्या खांद्यावरून ओघळल्यासारखा दिसला होता. मी जवळ गेले, त्यांच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरून उजेडाकडे ताणलं, आणि म्हणाले, ‘बाणा सैल आहे याचा, आडवा धागा. धुतल्यावर कापड पडलंय. या गिरणीचं परत घ्यायचं नाही.’ बाबा म्हणाले होते, ‘हो ना. मलाही वाटलंच.’ मी नवीन सदरे आणले, एक माप लहान. तेही पुढे सैल वाटले तेव्हा मी त्या कापडालाही नावं ठेवली. माझी बोटं त्या कापडावर होती आणि कापडाच्या आत त्यांचा दंड होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण हा दिव्याखालचा नव्हता. मी दिवा हातात घेऊन अंधार शोधत फिरले होते आणि तो जिथे होता तिथे पाठ करून उभी राहिले होते, रोज, दोन वेळा, मोठ्या अभिमानाने.

घरी आले तेव्हा बाबांची न्याहारीची वेळ झाली होती. पाव, लोणी, एक उकडलेलं अंडं. ताट गॅलरीत नेऊन त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि मग आतून एक खुर्ची ओढत आणली. खुर्चीचे पाय फरशीवर कर्कश वाजले. मी ती त्यांच्यासमोर ठेवली आणि बसले. इतक्या वर्षांत मी त्या गॅलरीत बसले नव्हते. कारभारी त्याच्या नेहमीच्या जागी, बाबांच्या उजव्या पायापाशी, अगदी शिस्तीत येऊन बसला.

‘तुला उशीर होत नाही का?’ बाबा म्हणाले.

‘आज जात नाही.’

त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पावाचा एक तुकडा मोडला, इतका लहान की चिमणीला घालावा, आणि तोंडात टाकला. चावत राहिले. मी बघत होते. आईच्या वेळी बघत होते तशी, निर्लज्जासारखी. बऱ्याच वेळाने त्यांनी पाण्याचा घोट घेतला, गळ्याची घाटी वर गेली, आणि तिथेच थांबली. त्यांचे डोळे भरून आले. डाव्या हाताची बोटं छातीच्या मधोमध जाऊन टेकली, सवयीने, जणू तिथे एखादी कडी होती. मग त्यांनी रुमाल काढला, तोंड फिरवलं, आणि तो तुकडा रुमालात घेऊन घडी घातली. घडी फार नीट घातली होती.

‘कधीपासून, बाबा?’

‘अगं, घसा कोरडा पडतो या वयात. पाणी प्यायलं की बरं वाटतं.’

‘कारभाऱ्याचं वजन वाढलंय.’

त्यांनी खाली वाकून कारभाऱ्याच्या पाठीवर हात ठेवला, जरासा दाबला. ‘अडीच किलो,’ ते म्हणाले.

‘दोन चारशे.’

‘हं.’

‘आणि तुमचं किती उतरलं?’

त्यांचा हात कारभाऱ्याच्या पाठीवरच होता. कठड्यापलीकडे कुणीतरी सतरंजी झटकत होतं. ‘घरात काटा कुठे आहे,’ ते शेवटी म्हणाले.

मला राग आला. वाईट वाटायला हवं होतं, पण आधी राग आला. मी विचारलं, मग ठरवलं काय होतं तुम्ही, मला कधी कळणार होतं? रिकामं ताट बघून मी रोज खुश होत होते, हे बघताना तुम्हाला काहीच वाटलं नाही? ते ऐकत होते. मग त्यांनी ताट बाजूच्या तिवईवर ठेवलं, आणि कारभाऱ्याने तोंड पुढे केलं तेव्हा पहिल्यांदाच त्याला हाताने मागे सारलं.

‘तुझ्या आईच्या वेळी,’ ते म्हणाले, ‘तू अकरा महिने घरात होतीस. मी मोजत होतो. तू एकदासुद्धा बोलली नाहीस, पण तुझी जागा गेली, ते मला माहीत आहे. मला वाटलं, होईल तितकं लांबवावं. तू कामावर जातेस, संध्याकाळी येतेस, कुत्र्याच्या मागे लागतेस. बरं चाललं होतं तुझं.’

‘बरं चाललं होतं?’

‘मला तसं दिसत होतं.’

मला त्यांना सांगायचं होतं की अकरा महिन्यांत मला जागेचं एकदाही वाईट वाटलं नव्हतं, पण ते खोटं ठरलं असतं. वाईट वाटलं होतं. आईच्या उशाशी बसून मी कधीकधी खात्यातल्या टेबलाचा उजेड आठवायचे आणि मला तिथे असावंसं वाटायचं, आणि बाबांनी ते माझ्या पाठीवरून ओळखलं असणार. या घरात सगळ्यांना सगळं दिसत होतं. बघायचं नाही एवढंच ठरलेलं होतं. मी उठले नाही. ताट तिवईवर तसंच होतं, लोणी उन्हाने पातळ होत होतं. शेवटी मी म्हणाले, ‘घशाच्या डॉक्टरांची वेळ घेते.’ ते म्हणाले, ‘घे.’ एवढ्या सहज म्हणाले की मला भीती वाटली. ते थकले होते, त्रासापेक्षा तो लपवण्याने जास्त.

तीन दिवसांनी वेळ मिळाली. त्या तीन दिवसांत ते सूप, दूध आणि पातळ केलेल्या कसल्या कसल्या लापशीवर होते, आणि मी समोर बसत होते. कारभाऱ्याला आत कोंडायचे, तो दारावर नखं ओढायचा. त्याची शी तिसऱ्या दिवशी घट्ट झाली. चॉकलेटी, नीट, खाली डाग न ठेवणारी. नऊ आठवडे मी जिची वाट बघत होते ती समोर होती, आणि ती बघून मी फुटपाथवर रडले.

डॉक्टर मध्यम वयाचे, मऊ आवाजाचे होते. त्यांच्या टेबलावर कागद होता आणि कागदावर ते एकेक गोष्ट विचारून लिहीत होते. वय, पूर्वीचा व्यवसाय, तंबाखू, घरात कुणाला काय. बाबा खुर्चीच्या टोकावर बसले होते, हात गुडघ्यांमध्ये. नवा सदरा त्यांच्या मानेपाशी दोन बोटं उभा राहिला होता.

‘गिळताना त्रास किती दिवसांपासून?’

‘झाले असतील आठ-दहा दिवस,’ बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी लिहिलं, दहा दिवस. त्यांचं पेन पुढच्या ओळीवर गेलं. मी बाबांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी पिशवीत हात घातला.

‘डॉक्टर, सतरा तारखेपासून. दोन महिन्यांच्या वर झाले.’

‘तुम्ही लिहून ठेवलंय?’ ते म्हणाले आणि वहीकडे त्यांनी हात केला. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. ‘हे नेमकं काय आहे?’

‘आमच्या कुत्र्याची शी.’

ते हसले नाहीत. मी त्यांना सांगितलं, दोनतीन वाक्यांत, माझा आवाज मलाच परका वाटत होता. वडील त्यांचं ताट कुत्र्याला घालत होते. पहिल्या आठवड्यात पावाचे काठ, इथे. मग मांस, ही तारीख. भात इथून. अंडं इथून. मऊ भाजी चार दिवसांपासून. मी वाचत गेले आणि डॉक्टर लिहीत गेले. दहा दिवस त्यांनी खोडलं होतं. वाचता वाचता मला बाबांचे कान दिसले, लाल झालेले, शाळेत उभं केलेल्या मुलाचे असतात तसे, आणि मी मधेच थांबले. एका परक्या माणसासमोर मी त्यांचे नऊ आठवड्यांचे सगळे घास काढून टेबलावर मांडले होते. आईने ज्याला नजर म्हटलं होतं ती हीच. मी वही मिटली.

‘त्याच्या आधीचे तीन आठवडे धरा,’ बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी वर पाहिलं.

‘तेव्हा मी कठड्यावर पाखरांना घालत होतो. कुत्र्याला नंतर. पाखरांना एवढं संपेना.’ त्यांनी घसा साफ केला. आता ते भिंतीकडे बघत नव्हते. ‘कोरडं आधी थांबलं, हे तिचं बरोबर आहे. छातीत इथे अडतं. गेले पंधरा दिवस झोपलो की वर येतं. पट्ट्याला तीन भोकं पाडली मी, खिळ्याने. दहा किलो गेलं असेल. अकरासुद्धा असेल.’

‘आणि पाणी?’ डॉक्टरांनी विचारलं. ‘पाणी, दूध, ते व्यवस्थित उतरतं?’

तीन दिवस मी समोर बसून एकेक घोट बघत होते. उतरतं, असं मी सांगणार होते. माझं तोंड उघडलं होतं.

बाबांनी गुडघ्यांमधला एक हात काढला आणि माझ्या मनगटावर ठेवला. हाताला वजन असं नव्हतंच.

‘कालपासून तेही थांबून थांबून जातंय,’ ते माझ्याकडे वळून म्हणाले. ‘काल तू बघत होतीस, म्हणून पटकन गिळून दाखवलं.’